गोड स्टाउट: एक बॅच, चार बरण्या

शनिवार, 24 ऑगस्ट 2024, रेडिंग

हेतू: जेवणानंतर गोडाच्या जागी घेता येईल असा गोड स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, घरी करायचा. तयार झाल्यावर एकाच बॅचचे भाग पाडायचे आणि गोडवा नक्की कुठून येतो ते तपासायचे. विक्री वगैरे काही नाही. इंग्लंडात घरच्यापुरती बिअर करायला 1963 पासून परवानाही लागत नाही आणि करही नाही. पुण्यात हा उद्योग मांडला असता तर दारूबंदी कायदा दारात उभा राहिला असता. तिथे प्यायलासुद्धा परमिट लागते, मग करायची बातच सोडा.

स्वतःची बॅच चढवण्याआधी जिभेला एक पट्टी हवी. म्हणून आज बाजारातल्या चार स्टाउट, कोरड्यापासून गोडाकडे. प्रत्येकी लहान ग्लास, मध्ये साधा पाव आणि पाणी. उलट क्रमाने प्यायलो असतो तर गोडानंतरची कोरडी बिअर आंबट लागली असती.

गिनेस: कोरडे टोक. भाजलेल्या जवाचा खरपूसपणा, थोडी आंबट कड, शेवटी स्वच्छ कडू. नायट्रोजनमुळे फेस मलईसारखा मऊ येतो आणि त्यावरून बरेच जण हिला जड, गोड समजतात. फेस बाजूला करून घोट घेतला की गोड म्हणावे असे फारसे काही उरत नाही.

यंग्ज डबल चॉकलेट, 5.2 टक्के: मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. चॉकलेट मॉल्ट म्हणजे त्या रंगावर भाजलेला, त्यात चॉकलेट नसते. या बिअरमध्ये मात्र खरे चॉकलेटही आहे. वास गोड, चव मध्यम गोड. बाटली संपवताना कंटाळा आला नाही.

लायन स्टाउट, श्रीलंका, 8.8 टक्के: आजची माझी आवडती. काकवी, मनुका, जळकी साखर. गोड आहे, पण मागून करपट कडू येतो आणि हिशोब चुकता करतो. साहेब गेला तरी उष्ण देशांत ही जड, गोड स्टाउट टिकून राहिली. श्रीलंकेत आहे, जमैकात आहे. अशा स्टाउट बहुधा पिवळ्या बिअरच्या लागर यीस्टवर करतात, स्टाउटच्या नेहमीच्या एल यीस्टवर नाही.

चौथा एक पेस्ट्री स्टाउट, 11 टक्के. कंपनीचे नाव लिहीत नाही. डब्यावर मार्शमेलो, मेपल, व्हॅनिला, नारळ अशी केकच्या दुकानातली यादी. पहिल्या घोटाला वा म्हटले, तिसऱ्याला वीट आला. अर्धा डबा सिंकमध्ये. कडू बाजू नावालाही नाही, त्यामुळे गोड उघडा पडतो. बायकोने एक घोट घेऊन विचारले, "याला बिअर का म्हणायचं?" प्रश्न बरोबर आहे.

निकष ठरला: 200 मिलिलिटरचा ग्लास मध्येच पाणी न मागता संपला पाहिजे.

रविवार, 1 सप्टेंबर

कृती बसवली. 20 लिटरसाठी:

मॅरिस ऑटर (मूळचा फिकट मॉल्ट) 3.3 किलो, ओट्सचे पोहे 400 ग्रॅम, गडद क्रिस्टल मॉल्ट 350, चॉकलेट मॉल्ट 300, भाजलेले जव 200. हॉप्समध्ये (कडूपणासाठीची फुले) ईस्ट केंट गोल्डिंग्ज 50 ग्रॅम, पूर्ण तासभर उकळीत. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, 500 ग्रॅम. यीस्ट एस-04, इंग्रजी एलची.

सगळा डाव लॅक्टोजवर आहे. साधी साखर घातली तर यीस्ट ती फस्त करते, अल्कोहोल वाढते, बिअरचे अंग पातळ होते आणि गोडवा शून्य. दुधातली साखर फोडायचे एन्झाइम बिअरच्या यीस्टकडे नसते, म्हणून ती जशीच्या तशी मागे राहते. मात्र तिची गोडी साध्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच. त्यामुळे तिचा खरा उपयोग गोडीपेक्षा अंगाला. घोट तोंडात भरल्यासारखा वाटतो.

युक्ती जुनी आहे. केंटमधल्या हाइथ गावच्या मॅकसनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लॅक्टोज घातलेली स्टाउट काढली आणि लेबलावर दुधाची बरणी छापली. अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आजारी माणसांनी ती प्यावी, अशी इकडे समजूतच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लेबलावरचा 'मिल्क' काढावा लागला, पण लोक मिल्क स्टाउटच म्हणत राहिले. शेजारच्या कीथची आई रोज रात्री एक बाटली घ्यायची म्हणे. तो आता सत्तरीत आहे आणि आईच्या तब्येतीचे श्रेय अजून त्या बाटलीला देतो.

संध्याकाळी मंदारचा फोन. तो सांगलीचा, म्हणून गुळावर अडून बसला. "अरे, गूळ घाल की. चारशे वर्षांची चव आहे." चारशेचा आकडा त्याचा. त्याला समजावले की गुळात बहुतेक सगळी साखरच, ती यीस्ट खाणार, मागे रंग आणि थोडा खारट मातकट वास उरणार. चांगली बिअर होईल, गोड नाही होणार. पटले नाही. गूळ या बॅचमध्ये नाही.

वैशाली वहिनींना दूध सोसत नाही, हेही याच फोनवर कळले. आपल्याकडे हा त्रास पुष्कळांना असतो आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो. हिशोब केला: 20 लिटरमध्ये 500 ग्रॅम, म्हणजे 330 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 8 ग्रॅम लॅक्टोज. एक कप दूधच झाले. बाटल्यांवर तसे लिहायचे.

शनिवार, 21 सप्टेंबर

चढवली. पितृपंधरवड्यात नवे काम काढू नये म्हणतात. यीस्टला ते कुणी सांगितलेले नसावे.

पाणी नळाचेच. क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी, बाकी काही नाही. रेडिंगचे पाणी इतके जड की किटलीत महिन्याभरात पांढरे पापुद्रे धरतात. पिवळ्या बिअरला हे पाणी नडते. काळ्या बिअरला उलट लाभते, कारण भाजलेल्या धान्याची आंबटाई पाण्यातला चुना सांभाळून घेतो. लंडन आणि डब्लिन काळ्या बिअरची गावे झाली त्यात या पाण्याचा हात आहे. आज मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा, पीएच 5.4, एकही क्षार न घालता.

मॅश 68 अंशांवर तासभर. चार-पाच अंश खाली ठेवला असता तर यीस्टला खाता येण्याजोगी साखर जास्त सुटली असती आणि बिअर कोरडी झाली असती. 68 वर लांब साखळ्यांच्या शर्करा उरतात, त्या अंगात भर घालतात.

काळी धान्ये सुरुवातीला घातली नाहीत, शेवटच्या वीस मिनिटांत वर पसरली. रंग पूर्ण येतो, राखेसारखी तुरट कडू चव कमी उतरते. मूठभर धान्याने सगळे पातेले काळे होते हे कितीही वेळा पाहिले तरी पाहत बसावेसे वाटते. 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने मॉल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले, त्यानंतर हे शक्य झाले. त्याआधीचे पोर्टर (स्टाउटची आधीची पिढी) तपकिरी मॉल्टवर चालायचे, आणि तो लाकडाच्या जाळावर भाजलेला.

लॅक्टोज उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. एकदम ओतले की तळाला बसून करपते, म्हणून गरम वर्टमध्ये (धान्याच्या गोड काढ्यात) आधी कालवून घेतले.

आरंभीची घनता 1.058 (साधे पाणी 1.000). त्यातले दहा अंक लॅक्टोजचे, ते शेवटपर्यंत हलणार नाहीत. 19 अंशांवर यीस्ट सोडली, जिन्याखालच्या कपाटात ठेवली.

रविवार, 22 सप्टेंबर

सकाळी फेसाचा तपकिरी थर. कपाटात पावाचा आणि कोकोचा वास. कोट तिथून हलवले.

शनिवार, 5 ऑक्टोबर

घनता 1.024. मंगळवारीही इतकीच होती, म्हणजे काम संपले. अल्कोहोल साधारण 4.5 टक्के. गोड स्टाउटच्या मानाने शेवटची घनता वरच्या टोकाला आहे, पण मुद्दाम तशी ठेवली आहे.

चव, अजून गॅसविना आणि कोमट: कॉफी, भाजलेल्या पावाची कड, मागे पातळ दुधाळ गोडवा. कडू पुरेसे आहे. नुसतीसुद्धा चालेल.

आता मुख्य काम. साडेचार लिटरच्या चार काचेच्या बरण्या:

अ: साधी.
ब: कोकोचे भरडलेले दाणे, 60 ग्रॅम, हलके भाजून.
क: व्हॅनिलाची अर्धी शेंग, चिरून.
ड: वेलची, चार वेलदोड्यांचे दाणे, ठेचून.

सगळे मसाले आठवडाभर आधी 30 मिलिलिटर व्होडकात भिजत होते. साध्या बरणीतही तेवढीच कोरी व्होडका ओतली. नाहीतर फरक व्होडकाचा की मसाल्याचा, यावरून मंदार रात्र काढेल.

ड मध्ये आधी जायफळ घालणार होतो. वेलची-जायफळ म्हटले की श्रीखंड, पुरणपोळी, सगळा सणच आला. पण इंग्रजांच्या तांदळाच्या खिरीवर आणि कस्टर्डच्या टार्टवर जायफळ किसलेले असतेच. मला असा एक वास हवा होता जो आपल्या तोंडाला गोडाचा वाटतो आणि कीथला तसा वाटायचे काही कारण नाही. म्हणून नुसती वेलची. आणि व्हॅनिला इथल्या लोकांच्या सगळ्या गोडधोडात लहानपणापासून, म्हणून क.

नारळाचा विचार सोडला. त्याचे तेल फेस मारते. कोकोच्या दाण्यांतही निम्मी चरबी असते, पण ती बरीचशी दाण्यातच राहते.

रविवार, 13 ऑक्टोबर

बाटल्या भरल्या. लिटरला साडेचार ग्रॅम साखर. स्टाउटला जास्त गॅस नको, बुडबुडे टोचायला लागले की गोडवा मागे पडतो. झाकणांवर मार्करने अक्षरे. भरताना चारही बरण्यांची घनता मोजली: हायड्रोमीटरला फरक दिसला नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतोय, पुढे लागेल.

शनिवार, 2 नोव्हेंबर, पाडवा

एक अ उघडली. गॅस बरोबर, फेस उदी आणि घट्ट. बाकीच्या तशाच. पाहुणे पुढच्या शनिवारी.

शनिवार, 9 नोव्हेंबर

चवीला पाच जण: मंदार, वैशाली वहिनी, कीथ, लंडनहून आलेला भाचा, आणि बायको. मी ओतणारा, म्हणून मी मत दिले नाही. फराळ अजून डबाभर शिल्लक होता, तो आधी वरच्या फळीवर ठेवला. कुणी लाडू खाऊन बसले की त्याच्या जिभेचा उपयोग संपला.

बिअर 12 अंशांवर. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर. प्रत्येकाला चार लहान ग्लास, प्रत्येकी 60 मिलिलिटर, खाली तीन आकडी नंबर, क्रम दरेकाचा वेगळा. वहिनींनी लॅक्टोज पचवणारी लॅक्टेजची गोळी घेतली आणि घोट-घोटच घेणार असे जाहीर केले. प्रश्न एकच: जास्त गोड ते कमी गोड अशी रांग लावा. बोलायचे नाही. शेवटची अट मंदारला सर्वात जड गेली.

निकाल.

सर्वांत कमी गोड: कोकोची बरणी. यावर पाचही जण एकमत. दाणे कडू असतात, त्यात नवल नाही.

सर्वांत गोड: इथे फाटे फुटले. कीथला व्हॅनिला, आणि तीही "बरीच जास्त". मंदार, वहिनी, बायको तिघांनाही वेलची. भाचा इथेच जन्मलेला, शाळेत कस्टर्ड आणि घरी बासुंदी खाऊन वाढलेला. त्याने क आणि ड शेजारी-शेजारी ठेवले, बराच वेळ हलवाहलव केली, शेवटी व्हॅनिला पुढे सरकवली. कीथला वेलची चक्क तिसरी. त्याच्या मते ती साध्यापेक्षाही कोरडी लागली. "खोकल्याच्या औषधाची आठवण झाली," म्हणाला आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून ग्लास संपवला.

नंबर उघडले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तू वेलचीत साखर जास्त घातलीस ना? खरं सांग." मी हायड्रोमीटर काढून त्याच्यासमोर मोजले. चारही सारख्याच.

मग नाक दाबून फेरी. चिमटीत नाकपुड्या धरून अ, क, ड प्यायचे. तिन्ही एक झाले. रांग लावताच येईना. वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, हे तर सर्दीत प्यायल्यासारखं झालं. नुसतं जाड पाणी, थोडं कडू." ब मात्र नाक दाबूनही ओळखू आली, कारण तिचा फरक जिभेवरचा आहे, कोकोचा कडवटपणा. व्हॅनिला आणि वेलचीचा फरक निव्वळ घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा.

जिभेवर नुसती ठेवली तर व्हॅनिला कडवट लागते आणि वेलची तिखट-कापरी. गोड दोन्हीही नाहीत. पण आयुष्यभर साखरेच्या संगतीत नाकाला भेटलेला वास नुसता आला तरी मेंदू साखर मोजून मोकळा होतो. कुणाच्या मेंदूने कुठला वास साखरेच्या खात्यात टाकला आहे, ते त्याच्या आईच्या स्वयंपाकघरावर. पाच माणसांवरून सिद्धान्त मांडायचा नाही, पण फेरी इतकी स्वच्छ पडेल असे मला वाटले नव्हते.

उशिरा, मोजणी संपल्यावर, फराळ खाली काढला. बेसनाच्या लाडवानंतर साधी स्टाउट घेतली तर ती आंबट आणि पातळ लागली. गोडानंतर गोडाची धार जाते. म्हणजे गोड बिअर गोडाबरोबर वाढणारे लोक तिचे नुकसानच करतात. चकलीबरोबर तीच बिअर दुप्पट गोड. कीथने घरून स्टिल्टन आणले होते, निळ्या बुरशीचे खारट चीज. त्याच्याबरोबर ब बरणी तर फारच उत्तम: मीठ कोकोचा कडू दाबते आणि खालचा दुधाळ गोडवा वर येतो. वहिनींनी चीजचा वास घेऊन ताटली परत कीथकडे सरकवली. मंदारने लसणीच्या शेवेचा आग्रह धरला, तो नोंदवण्यासारखा नाही.

रविवार, 10 नोव्हेंबर

ऑगस्टमधला तो 11 टक्क्यांचा डबा आज पुन्हा आठवला. त्याच्या यादीतल्या चारही वासांना बहुतेकांच्या डोक्यात आधीच गोडाची जागा आहे, आणि त्यावर खरीखुरी साखरही. एकच काम दोनदा केलेले. वासाने गोड दाखवायचा असेल तर साखर कमी करायला हवी, आणि कडू तर वाढवायलाच हवा. लायनला हे जमते.

शनिवार, 30 नोव्हेंबर

तापमान. क बरणीच्याच बाटल्या, चार पातळ्यांवर: 4, 8, 12, 18 अंश. आज मी आणि बायको, दोघेच.

4: व्हॅनिला गायब. भाजलेले जव आणि गॅस. गोड स्टाउट म्हणून कुणी दिली असती तर परत केली असती. पबमध्ये बाटली थेट फ्रिजमधून येते तेव्हा हेच होते.

8: चॉकलेट येते. अजून आवळलेली.

12: सगळे जागेवर. ग्लास हातात धरून वीस मिनिटे प्यायलो, ती दर मिनिटाला बदलत गेली.

18: जड. गोडवा पुढे, कडू मागे, शेवटी तोंडात चिकटपणा. बायकोला हीच आवडली. तिला बिअरचा कडूपणा मुळात मान्य नाही, तेव्हा तिचे मत प्रामाणिक आहे, पण निकषात बसत नाही.

वाढायचे तापमान 11 ते 13 असे लिहून ठेवले.

शनिवार, 11 जानेवारी 2025

उरलेल्या बाटल्यांची फेरी. व्हॅनिला ओसरली आहे, आता ती वेगळी सांगता येत नाही, पण अ पेक्षा क अजून गोल लागते. वेलची हट्टी आहे, तसूभर हलली नाही. कोको सर्वांत सुधारली: नोव्हेंबरातली कडू धार गेली, आता खरेच डार्क चॉकलेट. लॅक्टोजच्या बाटल्या फुटतात अशी भीती लोक घालतात. स्वच्छता असेल तर साध्या यीस्टला लॅक्टोज फोडता येत नाही. रानटी यीस्ट शिरली तर गोष्ट वेगळी. आज उघडलेल्या सर्व बाटल्यांचा गॅस नोव्हेंबरइतकाच.

पुढची बॅच दोन भागांत. पहिल्यात लॅक्टोज 500 वरून 250 ग्रॅम, म्हणजे आरंभ 1.053 आणि शेवट 1.019 च्या आसपास. गोल्डिंग्ज 60 ग्रॅम. निम्म्या बाटल्यांना व्हॅनिला, निम्म्यांना वेलची, पण वेलदोडे चारऐवजी दोनच. कीथने निदान ग्लास आवडीने संपवावा.

दुसरा भाग वैशाली वहिनींसाठी, लॅक्टोजशिवाय. मॅश 70 अंशांवर, ओट्स 400 वरून 600, क्रिस्टल मॉल्ट थोडा जास्त, अंग त्यातून काढायचे. गोडवा वेलचीवर सोडायचा. आज फोनवर त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "भावजी, मग यात गोड असं काय आहे?" म्हटले, काही नाही. "मग मला दोन बाटल्या ठेवा."

मंदारने लाइन घेऊन पुन्हा गूळ काढला. यावेळी एक लिटरची बरणी त्याच्या नावाने, गूळ 40 ग्रॅम. घनता तो स्वतः येऊन मोजणार आहे.

दोन्ही भागांची भांडी वेगळी ठेवायची. लॅक्टोज नसलेल्या बाटल्यांना लाल झाकणे. मागवली आहेत.